दक्षिणेकडे तोंड केलेली

आमच्या गावाच्या नावात एक जोडाक्षर आहे,
लिहायचं, पण उच्चारायचं नाही.
गोझो बेटाचं पश्चिम टोक, आर्ब.
पुढे कडा, आणि मग नुसता समुद्र.

बाबा, वेन्झू, अँटेना बसवायचे.
लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या खिशातून पान्हा डोकावतो.
आई म्हणायची,
मी नवरा नाही केला, शिडी केली.

सपाट पिवळी छपरं,
त्यांवर टाक्या, मीठ लावून वाळत घातलेले टोमॅटो
आणि झाडून सगळ्या अँटेना उत्तरेला, सिसिलीकडे,
जणू पंगतीत बसलेली माणसं
वाढपी कुठवर आलाय ते बघतायत.

आमचं चॅनल एकच.
संध्याकाळी उठायचं,
रात्री राष्ट्रगीत म्हणून झोपायचं.
बाकी सगळं समुद्रापलीकडून उसनं:
नाच, सासवा, पैशांची चाकं,
मांजरांचं खाणं विकणाऱ्या सुंदर बायका.
आई इटालियन तिथेच शिकली.
मासेवाल्याशी घासाघीस माल्टीत, देवाशीही माल्टीतच,
बाबांवर रुसली की मात्र इटालियन.
त्या भाषेत म्हणे रुसवा अंगाला नीट बसतो.

ऑगस्टात समुद्र तेलासारखा पडून असे,
तेव्हा निवेदिकेच्या दातांमधली फटही दिसायची.
जानेवारीत वारा सुटला
की प्रत्येक माणसामागे त्याचंच भूत.
आम्ही भुतांसकट बातम्या बघायचो.

मी नऊ वर्षांची असताना दोलोरेसबाई दारात आल्या.
"वेन्झू, माझी दक्षिणेला वळव."
बाबा हसले.
मग हसायचे थांबले.
त्यांचा अंजलू लिबियात, तेलाच्या विहिरींवर;
पाच महिने पत्र नाही.
"तिकडच्या बातम्यांत गर्दी दाखवतात," त्या म्हणाल्या,
"आणि गर्दीत माणसंच असतात ना?"

दोन दुपारी लागल्या.
बाबा वर, मी खाली टीव्हीपाशी,
आलं! गेलं! आलं! गेलं गेलं गेलं!
शेवटी त्रिपोली आलं,
बर्फ कधीच न पडणारं शहर, भर बर्फात.

त्यांना ती लिपी येत नव्हती.
भाषा मात्र अर्धी घरचीच निघाली.
भाकरी, समुद्र, काळीज
तिकडेही जवळपास तेच शब्द.
मांडीवर उशी, उशीवर लेसच्या लाकडी रिळांची टकटक,
नजर पडद्यावर.
मोर्चा असो, बाजार असो, कुणा बड्या माणसाची मयत असो,
त्या चेहरे मोजत बसायच्या.

अंजलू वसंतात परत आला.
मिशी ठेवून, एक दात गमावून,
टीव्हीवर एकदाही न दिसता.
बाबा शिडी घेऊन गेले, म्हणाले, आता फिरवू का उत्तरेला?
बाई म्हणाल्या, राहू दे.
ओळखीचे झालेत सगळे.

मी आता मोठ्या बेटावर रात्रीच्या बातम्या वाचते.
मोठं म्हणजे, तासाभरात संपतं.
माझी भाषा समजणारे चार-पाच लाख,
त्यातले निम्मे त्या वेळी दुसरंच काही बघत असतात.
गावाचं नाव आलं तर ते जोडाक्षर
मी शिस्तीत गिळते.
दक्षिणेकडून होडी येते,
मॉनिटरवर धक्क्यावरची गर्दी दिसते, चंदेरी चादरी पांघरलेली,
आणि माझा आवाज आकडा सांगतो.
डोळे मात्र सांगितलेलं ऐकत नाहीत.
एकदा दिग्दर्शक कानात ओरडला, कॅमेऱ्याकडे बघ, कॅमेऱ्याकडे!

जुनं प्रक्षेपण बंद झालं त्या हिवाळ्यात
बाबा सत्तरीचे होते.
ज्या छपरांवर चढवल्या, त्याच छपरांवरून
अँटेना उतरवल्या, भंगारात किलोवर विकल्या.
आईने त्या पैशांत इस्त्री घेतली.

दोलोरेसबाईंचं घर तेव्हा बंद झालेलं.
छपरावर ती एकटी अजून आहे,
दक्षिणेकडे तोंड करून, दोन काड्या मोडलेली.
ही का ठेवलीत, मी विचारलं.
नट गंजलाय, सुटत नाही, बाबा म्हणाले
आणि शिडी उचलून चालू लागले.

बाबांना न सुटलेला नट
मी आजवर पाहिलेला नाही.