एक पॉइंट आठ

वापरलेली लेन्स, साडेचार हजारांची.
कड्यावर लिहिलंय १.८,
म्हणजे काय ते अजून नीटसं कळलेलं नाही,
एवढंच, की पार उघडली
की मागचं सगळं विरघळतं.

घणसोलीच्या गच्चीवर आधी पापडाची कड टिपली,
मग दोरीवरचा चिमटा,
मग शेजारच्या ओजसची पापणी. डोळा हुकला.

आज कुसुमआत्या बसली, केस विंचरून.
"हलू नकोस. श्वासही हळू घे."
मागे रबाळ्याची चिमणी, टाकी, कंपनीचं छप्पर
लोण्यासारखं पसरलं,
बेलापूर रस्त्यावर दिवे लागले
त्यांचे फुगे झाले, पिवळे, एकमेकांत शिरलेले.

आत्याने पडद्यावर पाहिलं. स्वतःकडे नाही.
"इथली कंपनी कुठंय?"
"तीच तर गंमत."
"तेवीस वर्षं गोळ्यांच्या पाकिटांवर तारखा छापल्या तिथं.
गंमत म्हणे."

मी कडं फिरवलं.
चिमणी आली, तिचा गंज आला,
छपरावर उगवलेला पिंपळसुद्धा, पानापानानिशी.
पुढे आत्या म्हणजे
नुसता जांभळट धूर.

"हा ठेव," ती म्हणाली, "हा नीट आलाय."
आणि पापड गोळा करायला उठली.