तीन किलो दोनशे

विक्रोळीत, कन्नमवार नगरात, तळमजल्यावर
माझ्या मोरीच्या मागे साडेसहा फूट जमीन आहे.
जमीन म्हणजे, मी म्हणते म्हणून.
खणली तेव्हा निघाल्या फुटक्या लाद्या, गिलाव्याचे पापुद्रे,
एक चपटा रबरी चेंडू
आणि कुणाच्या तरी दाराची कडी.
वर गोणीभर शेणखत, रोजचा चहाचा चोथा, तांदळाचं धुवण.
किंक्रांतीला, लोक काही सुरू करत नाहीत त्या दिवशी,
चार बिया टोचल्या.

तीन उगवल्या. एक घुशीने नेली.
उरलेल्या दोघींतली एकच ठेवायची असते.
चिमटीत धरली, सोडली, पुन्हा धरली.
मग उपटली.
चुकीची उपटली की काय, ते अजून कळलेलं नाही.

वेलाला माझी हद्द ठाऊक नव्हती.
सांडपाण्याच्या पाइपावर चढला,
वाळत घालायच्या दोरीला तणावे गुंडाळले,
आणि एका सकाळी माझा परकर त्याच्या ताब्यात.
फुलं आली, भगभगीत पिवळी.
सगळी नर.
दोन आठवडे नुसती नर, उंच देठांवर,
मांडवाबाहेर पोरं उभी असतात तशी:
काम नाही, तोरा आहे.

मग ती आली,
पोटाखाली सुपारीएवढा भोपळा बांधूनच.

मधमाश्या नाहीत.
तिसऱ्या मजल्यावरच्या टेमघऱ्यांनी गेल्या वर्षी पोळं जाळलं.
म्हणून काम माझ्याकडे आलं.
चौतीस वर्षं पालिकेच्या प्रसूतिगृहात काढली,
पण या टोकाचं काम कधी केलं नव्हतं.
पहाटे सहाला, गाऊनवर, चष्मा लावून
नर फूल खुडलं, पाकळ्या सोलल्या,
मधला दांडा तिच्या मध्यावर हलकेच फिरवला.
वरून मुणगेकरीण ओरडली, "सिस्टर, काय हरवलं?"
म्हटलं, काही नाही, सोयरीक जुळवतेय.

पहिली दोन गळाली.
पिवळी पडली, मऊ झाली, देठापाशी सुटली.
कधी कारण असतं, बहुतेक वेळा नसतं.
मी बायकांना हेच सांगायचे,
आणि ते ऐकून कुणाचं समाधान झालेलं
मला आठवत नाही.

तिसरा धरला.
ह्यांच्या जुन्या बनियनची झोळी करून
खिडकीच्या गजाला टांगला.
पानांवर भुरी आली, ताक फवारलं.
मूठ, नारळ, मग दोन्ही ओंजळी पुरेनात.
झोळीतून असा बघायचा
की मी खिडकीशी बसून भांडी घासणं सोडलं.

एप्रिल संपताना सालीत नख रुतेना.
नाळेला दोन बोटं ठेवायचो, याच्या देठाला चार ठेवली.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर: तीन किलो दोनशे.
कॅलेंडरवर वेळ लिहिली, सहा चाळीस, वजन लिहिलं,
आणि सवयीने पुढे
"लगेच रडला" लिहिणार होते.

मुणगेकरीण म्हणाली, अख्खा भोपळा बाईने फोडू नये,
पहिला वार पुरुषाचा.
मी माझ्या हातांकडे पाहिलं. बोलले नाही.
तिने नातू पाठवला, ओजस,
वय वर्षं पाच, चड्डीची नाडी सुटलेली,
पुरुष म्हणून.
सुरी दोघांनी धरली.
"त्याला दुखेल?"
नाही, म्हटलं.
त्याने डोळे मिटले. माझे उघडे होते.
आत केशरी, ओलं, दोऱ्या दोऱ्या, बिया घट्ट धरून बसलेल्या,
आणि असा कोमट वास
की क्षणभर मी हातमोजे शोधले.

घारगे सोळा झाले.
मुणगेकरांकडे सहा, टेमघऱ्यांकडे चार.
पोळं विसरले नाही, तरी चार.

बिया मीटरच्या पेटीवर, वर्तमानपत्रावर वाळताहेत.
काल मोजल्या, एकशे बारा.
आज एकशे अकरा.
ओजसच्या नखांत माती आहे.
मी विचारलेलं नाही.