खिडकी क्रमांक चार

रुवीतलं एक्सचेंज. पगाराचा आठवडा.
रांग दाराबाहेर, थेट उन्हात.

उजवा अंगठा नोटा सरकवतो,
डावा हात शिक्का मारतो,
खांद्यात दाबलेल्या फोनवर कुरियनसाहेब
मलयाळममध्ये आजचा भाव सांगतात,
पाच नंबरची झुवैना अरबीत विचारते सुट्टे आहेत का,
मी मान हलवते,
आणि ह्या सगळ्याच्या खाली, तळघरात,
औटकी चालू असते.
एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा.
रियालला साडेतीनशे नेपाळी, म्हणजे औटकीच की.
बाबा दापोलीला वाण्याकडे हिशेब लिहायचे,
हा त्यांचा वारसा. दुसरा काही नाही.
मशीन आहे हो.
पण मशीनच्या आधी माझं उत्तर येतं, तेवढा माज.

मार्चमध्ये दुबईहून एक बाई आल्या, प्रशिक्षणाला.
म्हणाल्या, मेंदू दोन कामं एकदम करतच नाही,
नुसता उड्या मारतो इकडून तिकडे,
इतक्या भरभर, की त्याचं त्यालाच वाटतं
आपण सगळीकडे आहोत.
मी वहीत उतरवून घेतलं.
उतरवता उतरवता ठरवलंही,
आज सुरमई नको, बांगडेच.

दिलमान गाड्या धुतो वादी कबीरला.
त्याच्या नोटा एकेक रियालच्या, दमट.
मशीन त्या थुंकून टाकतं.
म्हणून हातानं.

काचेपलीकडे तोही मोजत होता, ओठांत.
अरबी आकडे माझ्या डोक्यावरून विमानासारखे जातात.
मलयाळम आकडे शेजारच्या बिऱ्हाडातली भांडी,
वाजतात, पण आपली नव्हेत.
त्याचा आकडा मात्र
दार न वाजवता, चपला न काढता आत आला
आणि माझ्याच पाटावर बसला.
त्रिचालीस, तो म्हणाला.
माझे त्रेचाळीस झाले होते? की व्हायचे होते?

परक्यानं काही बिघडत नाही.
बिघडतं ते असं, जवळजवळ आपल्यासारख्यानं.

परत? त्यानं विचारलं.
परत.
मागे कुणीतरी जीभ टाळ्याला लावून चक् केलं.
मी फोन ठेवला. शिक्का ठेवला.
झुवैनाला म्हटलं, थांब.
त्या आठवड्यात पहिल्यांदाच
दोन्ही हातांना एकच काम.

मग आम्ही मोठ्यानं मोजलं,
तो त्याच्यात, मी माझ्यात.
एकोणीसला मी अडखळले, उन्नाइसला तो हसला.
जे आहे त्याच्या आधी जे उणं आहे ते सांगायचं,
ही खोड त्यांच्याकडेही आहे तर.
एकोणतीस, उनन्तीस.
एकोणचाळीस, उनन्चालीस.
त्रेचाळीस आम्ही हळू ओलांडला,
ओल्या फरशीवरून जावं तसा.

साठ, मी म्हटलं.
साठी, तो म्हणाला, आणि गप्प झाला.

मी थांबूनच राहिले.
आमच्यात हा शब्द असा एकटा येत नाही,
आधी कुणीतरी लागतं त्याला.

फॉर्मवर रकाना होताच.
नाव? मी विचारलं.
मनमाया, तो म्हणाला.
स्पेलिंग मी दोनदा विचारलं.

एकवीस हजार,
हे तळघरातून कुणीतरी
केव्हाच सांगून गेलं होतं.