उजळणी

वीज सातलाच गेली.
मुफुलिरात ती अशीच जाते, न सांगता,
परत यायची वेळ तेवढी कागदावर छापलेली.
मी फोनच्या दिव्यावर पाण्याची बाटली ठेवली.
फळ्यावर दुधी, हलता उजेड,
बाकांवर अकरा जण,
आणि सोमवारी पेपर.

चला, पहिल्यापासून.
अणूच्या पोटात काय?
प्रोटॉन, न्यूट्रॉन.
आणि बाहेर?
इलेक्ट्रॉन, मॅडम.
मग बिलगतं कोण, उसनं देतं-घेतं कोण?
बाहेरचेच.
अगदी. सगळं रसायन म्हणजे ही उंबऱ्यावरची देवघेव,
आतल्या खोलीत कुणी जात नाही.

मोल म्हटलं की कासुबाचा चेहरा पडतो.
सहा, आणि पुढे तेवीस शून्यं.
'एवढे मोजले कुणी?'
अगं, तुझी आई बाजारात कपेंटा विकते,
ती बोटभर सुकी मासळी एकेक मोजून देते का?
मेडाभर देते. डबा भरला, झालं माप.
मोल म्हणजे अणूंचा मेडा.
ती जरा विचार करते.
'पण आईने डब्याचा तळ ठोकून आत घेतलाय, मॅडम.'
या डब्याचा नाही घेता येत, मी म्हणते,
आणि हसता हसता दोन गुण तिच्या पदरात पडतात.

मग समीकरणं.
डावीकडे जेवढे, उजवीकडे तेवढेच,
ताळा जमलाच पाहिजे.
खालचा बारीक आकडा त्यांच्या घरातला, त्याला हात लावायचा नाही;
बदलायचा तो पुढचा, ठळक.
म्वेल्वा नेमका खालचाच खोडतो
आणि पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून बसतो.
'आता पी,' मागून कुणीतरी.

आम्लं वेगळी घ्यावी लागली नाहीत.
भट्टीकडून वारा फिरला,
अकराही घशांत एकदम गंधक उतरलं,
आणि खोकता खोकताच त्यांनी सांगितलं:
सल्फर डायऑक्साइड, अधिक पाणी.
पाणी डोळ्यांत होतंच.

शेवटी तांबं. विद्युत अपघटन, हमखास येणारा प्रश्न.
मी टाकी काढली. निळं द्रावण म्हणून आडव्या रेघा.
कच्च्या तांब्याचा धनाग्र झिजत जातो,
ऋणाग्रावर शुद्ध तांबं चढत जातं,
आणि तळाशी,
एकोणीस वर्षं लिहीत आलेय तेच लिहिलं:
गाळ. अशुद्धी.

बा चोम्बांनी हात वर केला.
बा, कारण ते सेहेचाळीस वर्षांचे,
तिसऱ्यांदा बसलेले,
दिवसपाळी करून थेट वर्गात आलेले,
बाहीवर आम्लाची बारीक भोकं.
'मॅडम, तो गाळ आम्ही फेकत नाही.
टाकी उपसताना दोन पहारेकरी उभे असतात.
चांदी असते त्यात. सोनंही, थोडं.
पिंपात भरायचा, वर कुलूप, कुलपावर मोहोर,
आणि पाळी सुटली की फाटकाशी
आमच्या बुटांचे तळवे खरवडून घेतात.'

कुणी बोलेना.
बाटलीतलं पाणी हललं असावं,
फळ्यावरची टाकी क्षणभर भरल्यासारखी वाटली.
मी खडू धरून उभी.
पुस्तकात या गाळावर अर्धी ओळ आहे.
ती पाठ करून घेण्यात मी कधी कमी पडले नाही.

'पेपरात अशुद्धीच लिहा,' मी म्हणाले.
'एक गुण आहे, तो सोडू नका.'
'बरं,' म्हणाले, आणि खाली मान घालून
सावकाश, गिरवून, त्यांनी तो शब्द वहीत लिहिला.

नऊला वीज आली.
फळ्यापाशी मी एकटीच.
दहाही जण त्यांच्या बाकाभोवती वाकलेले,
आणि बा चोम्बांनी डावा बूट काढून
ट्यूबलाइटखाली उलटा धरलेला.