फॉरमॅट करायचं का?

कुताइसीत, पुलाखालच्या टपरीत
त्सियाला काउंटरवर कार्ड ठेवते, नखाएवढं.
"कॅमेरा म्हणतो, वाचता येत नाही."

ओतार आधी बाजूची कळ बघतो,
मग खोडरबरानं सोनेरी दात घासतो हळूच,
रीडर बदलतो, फुंकर घालतो
(फुंकरीनं काही होत नाही, त्यालाही माहीत आहे).

पडदा विचारतो : फॉरमॅट करायचं का?
"नाही म्हणा," ती घाईनं म्हणते,
"काहीही विचारलं तरी नाहीच म्हणा."

रात्रभर यंत्र चाळत राहतं.
सकाळी लग्न गेलेलंच.
परत आलेत ते तिनंच पुसलेले अकरा :
कुणाचा तरी बूट, अंगठा, हललेली मेणबत्ती,
आणि डोळे मिटलेला भाऊ,
वाईट आला म्हणून
तिथल्या तिथे उडवलेला.

पैसे मोजताना ती चुकते,
दोनदा.