बटाट्याचं पाणी

बटाटे काढायला शाळेला तीन आठवडे सुट्टी,
मेनच्या या वरच्या टोकाला अजून तशी रीत आहे.
म्हणजे मलाही सुट्टी.
शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं मी डोनट तळले
पोत्यातल्या तयार पिठाचे.
पाणी घाला, ढवळा, तळा.
पोत्यावरची घटकांची यादी माझ्या हाताएवढी लांब,
त्यातले निम्मे शब्द मला आजही वाचता येत नाहीत.

यंदा म्हटलं, आईचे करून बघू.
आईनं लिहून काहीच ठेवलं नाही.
तिचं माप म्हणजे कान तुटलेला पत्र्याचा मग
आणि पीठ जमलं की श्वास आत ओढून म्हटलेलं "हो",
आमच्या नदीकाठच्या फ्रेंचमधलं,
जे बाहेरच्यांना उसासा वाटतं.
मग तळघरात सापडला. खिळे होते त्यात.

बकव्हीटचं पीठ, हिरवट पिवळं,
ओढ्यापलीकडच्या गिरणीतलं.
चार बटाटे उकडून कुस्करलेले,
साखरेच्या जागी मेपलचा पाक,
तळायला डुकराची चरबी.
पहिला घाणा गेला तो थेट तळाशी जाऊन बसला.
कुत्र्यानं एक हुंगला
आणि माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात एल्झेआर आला, शिडी परत करायला.
शहाऐंशीचा आहे, टोपी काढत नाही.
कढईत डोकावला.
"पाणी कुठं टाकलंस?"
कुठलं पाणी?
"बटाटे उकडलेलं."
सिंकमध्ये.
त्यानं डोळे मिटले,
जसं काही मी वासरू नदीत सोडून आले होते.
"तुझी आई त्यातच यीस्ट भिजवायची, लोरेट.
दोन हंगाम जेवलोय मी तिच्या हातचं, वावरात."

मला नव्हतं माहीत.
मला ती चुलीजवळ उभीच राहू द्यायची नाही.
जा, पुस्तक घे, इंग्रजी शीक,
पोत्यावर काय लिहिलंय ते तरी वाचता येईल.

पुन्हा बटाटे. पुन्हा उकळी.
गढूळ, कोमट पाण्यात यीस्ट,
वर ओलं फडकं, दोन तास.
एल्झेआर बसून राहिला. शिडी दाराला टेकलेली.
बेकिंग पावडरच्या डब्याच्या झाकणानं गोल पाडले,
मधलं भोक खोकल्याच्या औषधाच्या बुचानं.
या वेळी तळाशी गेले, थांबले,
आणि वर आले.

पोर्टलंडहून लेकीचा फोन :
किती पौष्टिक गं आई, किती पारंपरिक!
मला हसू आलं.
आईला पौष्टिक काय ते ठाऊक नव्हतं.
गहू दुकानातला, तोही उधारीवर,
बकव्हीट खडकाळ तुकड्यातही यायचा.
साखरेला पैसे पडत, झाडाला भोक पाडायला पडत नसत.
डुक्कर तर डिसेंबरात कापायचंच होतं.
पांढराशुभ्र मैदा परवडला असता
तर तिनं तोच मळला असता, गाणं म्हणत.
हे लेकीला सांगितलं नाही.
कढईत एक जळत होता.

एल्झेआरनं दोन खाल्ले, न बोलता.
तिसरा रुमालात गुंडाळून खिशात.
जमले का रे? मी विचारलं.
त्यानं श्वास आत ओढला.

शिडी परत करायला आला होता.
जाताना घेऊनच गेला.