पाचवं उत्तर

शेजारचे माग पाळी बदलायला थांबले
की त्रिचीहून सर्जा ॲपवर येतो:
धरलाय एक. वळख.

पुरुष? हो.
नट? हॅ.
मिशी? आता नाही.
मागं त्यानं जुना पैलवान धरलेला,
अकराव्या प्रश्नाला पाडला मी,
तर दोन दिवस बोलला नाही.

आज सापडेना.
धडा आहे का त्याच्यावर? नाही.
पुतळा? नाही गं.
पण सगळे ओळखतात ना?
तीन टिंबं हलत राहिली नुसती.
गलाईच्या बोळात ओळखतात. तेजाबाच्या वासावरनं.

असलं चालत नाही, मी लिहिलं, फेमस पाहिजे.
विचार की, म्हणाला, विसातले सहा उरलेत.

विट्याला येतो?
रेवणसिद्धाच्या यात्रेला. यायचा.
बोटं?
पिवळी.
परत येणार आहे?

चारच उत्तरं चालतात या खेळात,
हो, नाही, माहीत नाही, बहुतेक.
त्यानं फोटो पाठवला:
मुशीत निवत आलेली चांदी,
अन् तिच्यात
वाकून बघणारं कुणीतरी.

बोटांनी ताणून मोठं केलं,
अजून मोठं.
मिशी आहे का नाही
तेवढंही कळेना.